तेच नाणे, दोन फोटो, दोन निर्णय : नाण्याचा फोटो किती शार्प असावा?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. आजोबांच्या संग्रहातल्या 1862 सालच्या व्हिक्टोरिया राणीच्या रुपयाचे आपण दोन फोटो काढले, एक मोबाइलवर आणि दुसरा भाच्याच्या कॅमेऱ्याला मॅक्रो (अगदी जवळून फोटो काढणारी) लेन्स लावून. मोबाइलचा फोटो पाहून जाणकारांनी नाणे ‘एक्सएफ’, म्हणजे अगदी थोडी झीज असलेले ठरवले, पण त्याच दमात ‘फोटो धूसर आहे, काही लपवता आहात का?’ असेही विचारले. कॅमेऱ्याचा फोटो पाहून त्यांनी फोटोचे कौतुक केले आणि नाणे मात्र ‘व्हीएफ (म्हणजे एक्सएफपेक्षा जास्त झिजलेले), घासून साफ केलेले’ असे म्हणून खाली उतरवले. नाण्यात काडीचाही फरक नसताना हे कसे झाले, खरा फोटो कोणता, आणि सिडकोतल्या आपल्या घरी उरलेल्या चाळीसेक नाण्यांचे फोटो कसे काढावेत, हे आपल्याला हवे आहे.

गेली अनेक वर्षे मी नाशिकमध्ये संग्राहकांसाठी नाण्यांचे फोटो काढतो आहे, आणि माझ्याकडे येणारे बहुतेक जण ‘फोटो शार्प कसा येईल?’ एवढेच विचारतात. आपल्या प्रश्नात त्यापुढची गोष्ट आहे. पाहणारा माणूस फोटोवरून एकाच वेळी दोन निर्णय घेत असतो. एक निर्णय नाण्याबद्दल असतो आणि दुसरा फोटो टाकणाऱ्याबद्दल. शार्पनेस वाढला की फोटो टाकणाऱ्यावरचा विश्वास वाढतो, पण नाण्याची प्रत, म्हणजे दर्जा, उतरते. शार्पनेस कमी झाला की नाणे देखणे वाटते आणि फोटो टाकणारा संशयास्पद वाटतो. आपल्या बाबतीत नेमके हेच घडले. म्हणून फोटो जास्तीत जास्त शार्प कसा होईल हे पाहण्यापेक्षा, नाणे हातात घेऊन पाहणाऱ्या जाणकाराला जेवढे दिसले असते तेवढेच फोटोत कसे दिसेल, हे आपल्याला ठरवायचे आहे.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत आणि त्या आधीच सांगून टाकतो. फोटो विक्रीसाठी आहे, ओळख पटवण्यासाठी आहे की घरच्या नोंदीसाठी आहे, यावर शार्पनेसची गरज बदलते. नाणे चांदीचे आहे की तांब्याचे, मळकट आहे की चमकणारे, यावर प्रकाश बदलतो. पाहणारा मोबाइलवर पाहणार की लॅपटॉपवर, हे तर आपल्या हातातच नाही. तेव्हा पुढे जे लिहितो आहे ते मुख्यतः आपल्या रुपयाला धरून आहे आणि इतर नाण्यांसाठी त्यात थोडा फेरफार करावा लागेल.

आधी मोजमाप पाहू, कारण बराचसा गोंधळ मोजमापाचाच आहे. व्हिक्टोरियाच्या रुपयाचा व्यास साधारण 30.5 मिलिमीटर असतो. कॅमेऱ्याच्या फोटोत नाण्याने 3000 पिक्सेल व्यापले असतील, तर एका पिक्सेलच्या वाट्याला नाण्याचा एक शतांश मिलिमीटर येतो. घासण्याने पडलेला केसासारखा चरा दोन-तीन शतांश मिलिमीटर रुंद असतो, म्हणजे तो दोन-तीन पिक्सेलमध्ये स्वच्छ उमटतो. तोच फोटो लहान करून नाणे 600 पिक्सेलवर आणले, तर एका पिक्सेलमध्ये पाच शतांश मिलिमीटर मावतात आणि असे कितीतरी चरे आजूबाजूच्या चांदीत मिसळून नाहीसे होतात. मोबाइलवरचा फोटो व्हॉट्सॲपवरून साधा पाठवला की आकार घटतो, वर दाबून लहान केलेल्या फाइलचे चौकोनी डागही येतात. आपल्या पहिल्या फोटोत चरे दिसले नाहीत याचे मोठे कारण हेच असावे.

आता दुसरी बाजू. जाणकार नाण्याची प्रत ठरवताना आधी नुसत्या डोळ्यांनी पाहतो आणि मग साधारण पाच ते सात पट मोठे दाखवणाऱ्या भिंगातून पाहतो. तीस मिलिमीटरचा रुपया लॅपटॉपच्या पडद्यावर पंधरा सेंटिमीटरचा दिसला की तो आधीच पाच पट झालेला असतो. त्यावर पाहणाऱ्याने आणखी मोठे केले की तो पंधरा-वीस पटीने पाहू लागतो, आणि इतक्या मोठ्या रूपात टांकसाळीतून त्याच दिवशी आलेले नाणेही ओरखडलेले दिसते, कारण इतर नाण्यांच्या राशीत पडताना लागलेले टोलेही त्यात दिसतात. हातातल्या नाण्यासाठी शिकलेली मोजपट्टी आपण पडद्यावरच्या पंधरा पट नाण्याला लावतो आणि निर्णय आपोआप कठोर होतो. पाहणाऱ्याचा हेतू वाईट नसतो. दिसणारा चरा किती लहान आहे हे त्याला त्या क्षणी जाणवत नाही, एवढेच.

मग आपले नाणे एक्सएफ आहे की व्हीएफ? आपण दिलेल्या दुसऱ्या फोटोवरून सांगतो. राणीचा गाल, कानावरचे केस आणि मुकुटाचे उंच भाग हे या रुपयावर सर्वांत आधी झिजतात. आपल्या नाण्यावर मुकुटातली नक्षी वेगळी दिसते आहे, केसांच्या बटा बहुतेक सुट्या आहेत आणि वस्त्रावरचे नक्षीकाम भरून गेलेले नाही. झिजेपुरते पाहिले तर पहिला निर्णय जास्त बरोबर आहे. पण गालावरून हनुवटीकडे आणि पुढे मोकळ्या भागात समांतर बारीक चरे गेलेले आहेत, आणि ते सगळे एकाच दिशेने आहेत. वापराने पडणारे ओरखडे आडवेतिडवे असतात, एकाच दिशेचे चरे हाताने घासल्याचे असतात. आपल्याकडे बहुतेक घरांत राणीछाप रुपया दर लक्ष्मीपूजनाला ताटात येतो आणि त्याआधी चिंच, राख, रांगोळी किंवा भांड्याच्या पावडरीने घासला जातो. आपल्या घरीही तसे होत असेल, तर हे चरे त्याचेच आहेत. म्हणजे साफ केल्याचे निदान दुसऱ्या फोटोने बरोबर दिले आणि झिजेचे निदान पहिल्याने. दोन्ही फोटोंनी अर्धे अर्धे सांगितले.

दुसऱ्या फोटोत आणखी एक गोष्ट मला दिसली आणि त्याबद्दल थोडे विस्ताराने लिहिणे भाग आहे. अक्षरांच्या कडेने पांढरी बारीक रेघ आहे, आणि तिला लागून एक काळी रेघ आहे. ही रेघ नाण्यावर नाही. ती सॉफ्टवेअरने घातलेली आहे. लेन्समधून आलेला तपशील ही एक गोष्ट आणि सॉफ्टवेअरचे शार्पनिंग ही अगदी वेगळी गोष्ट. शार्पनिंगमध्ये नवा तपशील निर्माण होत नाही, उजेड आणि सावली जिथे भेटतात तिथे उजेड अधिक उजळ आणि सावली अधिक गडद केली जाते. अक्षरांच्या कडांवर हे बरे दिसते. पण केसासारखा चरा म्हणजे उजेड-सावलीची जोडीच असते, त्यामुळे शार्पनिंग त्याला सर्वांत जास्त उठाव देते. जो चरा हातात नाणे तिरके केल्याशिवाय दिसत नाही, तो फोटोत चाकूने ओढल्यासारखा दिसू लागतो. आपल्या नाण्याची प्रत जितकी उतरली, त्यातला काही भाग खऱ्या चऱ्यांचा आहे आणि काही भाग या रेघेचा आहे.

ही चूक मी स्वतः केलेली आहे आणि तिची खंत मला आजही आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी एका वृद्ध संग्राहकांनी विकायला काढलेल्या रुपयांचे फोटो मी काढून दिले होते. फोटो झळझळीत दिसावेत म्हणून मी शार्पनिंग भरपूर चढवले आणि तेव्हा मला ते फार आवडलेही. बोली अपेक्षेपेक्षा खूप खाली राहिली. ज्याने नाणी घेतली त्याने हातात आल्यावर स्वतःहून कळवले की नाणी फोटोपेक्षा पुष्कळ चांगली आहेत, फोटो पाहून आपण ती खरवडलेली समजलो होतो. त्या गृहस्थांना पैशांची गरज होती म्हणूनच नाणी विकली जात होती. त्यांचे नुकसान माझ्या हातून झाले. तेव्हापासून मी एक नियम पाळतो : फोटो तयार झाला की नाणे डाव्या हातात आणि पाच पटीचे भिंग उजव्या हातात घेऊन पडद्याशेजारी बसायचे, आणि जो चरा भिंगातून शोधावा लागतो तो पडद्यावर आपणहून डोळ्यांत भरत असेल तर शार्पनिंग खाली आणायचे. उलट भिंगातून सहज दिसणारा चरा पडद्यावर दिसत नसेल, तर फोटो परत काढायचा. तो चरा माझ्या फायद्याचा असो वा तोट्याचा.

मोबाइलचे फोटो याला अपवाद आहेत असे समजू नका. मोबाइल फोटो काढताक्षणी स्वतःच शार्पनिंग करतो, आणि प्रकाश कमी असेल तर त्याआधी फोटोत उमटणारे रवाळ दाणे पुसून टाकतो. या पुसण्यात दाण्यांबरोबर बारीक तपशीलही जातो. चांदीवर हे फारसे जाणवत नाही, कारण चांदी उजेड परत फेकते. तांब्यावर फार जाणवते. आपल्या यादीत ज्या शिवराया आहेत त्या गडद तपकिरी असणार. घरातल्या बल्बखाली त्यांचा मोबाइलवर फोटो काढला की ‘श्री राजा शिव’ ही अक्षरे मेणासारखी वितळलेली दिसतात आणि पाहणारा म्हणतो, ‘गुळगुळीत झालेली आहे.’ शिवराईच्या बाबतीत आणखी एक पेच असतो. ठसा अनेकदा तांब्याच्या चकतीपेक्षा मोठा असे आणि चकती ठशाखाली नेमकी मधोमध पडेलच असे नसे, त्यामुळे एखादे अक्षर अर्धेच उमटलेले असते. कड स्पष्ट दिसत नसेल तर हे न उमटलेले अक्षर झिजलेले समजले जाते. म्हणून तांब्याला उजेड दुप्पट द्या आणि काठ फोटोत पूर्ण येऊ द्या. छत्रपतींच्या नाण्यावरचे अक्षर आपल्या आळसामुळे पुसलेले दिसावे, हे मला तरी सहन होत नाही.

आता फोकसविषयी. आपल्या दुसऱ्या फोटोत डावीकडची अक्षरे स्वच्छ आहेत आणि उजवीकडची किंचित मऊ आहेत. एकाने त्यावर ‘उजवीकडे छाप कमकुवत पडली आहे’ असे लिहिले आहे. ते तसे नसावे. नाण्याच्या इतक्या जवळ गेल्यावर फोकसमध्ये राहणारा थर फार पातळ असतो. एफ 8 वर (‘एफ’चा आकडा म्हणजे लेन्सच्या छिद्राचे माप, आकडा मोठा तितके छिद्र लहान), अगदी बारीक तपशिलाच्या हिशोबाने, तो अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास भरतो. रुपया एका अंशाने जरी कलला, तरी एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत अर्ध्या मिलिमीटरहून जास्त उंचीचा फरक पडतो. एक अंश म्हणजे नाण्याच्या एका बाजूखाली जाड कागदाची घडी राहण्याइतका कल. एवढ्याने नाण्याची एक बाजू धूसर होते, आणि पाहणारा तो धूसरपणा कॅमेऱ्याच्या नावावर न घालता टांकसाळीच्या किंवा झिजेच्या नावावर घालतो.

यावर उपाय सोपा आहे. कॅमेरा स्टँडवर खाली तोंड करून लावा. जिथे नाणे ठेवणार तिथे आधी एक छोटा सपाट आरसा ठेवा आणि कॅमेऱ्याच्या पडद्यावर पाहा. आरशात लेन्सचे प्रतिबिंब चौकटीच्या बरोबर मधोमध आले की कॅमेरा आणि आरसा समांतर झाले. मग आरसा काढून त्याच पृष्ठभागावर नाणे ठेवा. फोकस हाताने जुळवा, आणि तो मोकळ्या भागावर न धरता राणीच्या गालाच्या थोडा खाली, केसांच्या पातळीवर धरा, म्हणजे उंच भाग आणि अक्षरे दोन्ही थरात येतात.

इथे बरेच जण एक चूक करतात. थर जाड व्हावा म्हणून छिद्र एफ 22 पर्यंत लहान करतात. इतक्या जवळून एफ 8 हेच प्रत्यक्षात एफ 12 सारखे वागते आणि एफ 22 हे एफ 33 सारखे. एवढ्या लहान छिद्रातून जाताना प्रकाश पसरतो आणि संपूर्ण नाणे सारखेच मऊ होते. मग तो मऊपणा झाकायला सॉफ्टवेअरचे शार्पनिंग चढवले जाते आणि आपण पुन्हा पांढऱ्या रेघेपाशी येतो. मी एफ 8 च्या पलीकडे क्वचितच जातो. उंच उठावाच्या पदकांसाठी वेगवेगळ्या पातळ्यांवर फोकस करून काढलेले फोटो एकत्र जोडतो. रुपयाला त्याची गरज नाही.

कंप हा विषय लहान आहे, पण जुन्या नाशिकच्या वाड्यांत राहणाऱ्यांनी तो लक्षात ठेवावा. लाकडी माडीवर कोणी चालले तरी स्टँड हलतो, आणि पाव सेकंदाच्या फोटोत तेवढे पुरते. मी सारे सामान तळमजल्यावर शहाबादी फरशीवर ठेवतो, पंखा बंद करतो आणि दोन सेकंदांचा टायमर लावतो.

प्रकाशाकडे मी मुद्दाम उशिरा वळतो आहे, कारण लोक ज्याला धूसरपणा म्हणतात तो निम्म्या वेळा फोकसचा दोष नसतोच. प्रकाश सगळीकडून सारखा आला की सावल्या पडत नाहीत, सावल्या नाहीत म्हणून उठाव दिसत नाही, आणि डोळा म्हणतो, फोटो शार्प नाही. अशा फोटोला शार्पनिंग देऊन काहीही मिळत नाही. घड्याळाची तबकडी नाण्यावर ठेवली आहे असे समजा आणि दहा वाजता एक व दोन वाजता एक असे दोन दिवे लावा, त्यातला एक थोडा जवळ ठेवा. साधे एलईडी बल्ब चालतात, पण दोन्ही एकाच रंगाचे असावेत. दिवे खाली आणले की प्रकाश नाण्यावरून घासत जातो, प्रत्येक चरा सावली टाकतो आणि नाणे वाईट दिसते. दिवे वर नेले की चांदीची मूळ चमक उजळते आणि चरे त्या चमकेत बुडतात. म्हणजे दिवे नुसते वर-खाली करूनही प्रत बदलल्यासारखी वाटते, आणि शार्पनिंगपेक्षा हा परिणाम मोठा असतो. न वापरलेल्या चांदीच्या नाण्यावर चाकाच्या आऱ्यांसारखी फिरणारी चमक असते. ती एका फोटोत पूर्ण येत नाही, पण दिवे उंच असले तर तिचा एक आरा तरी सापडतो. आपल्या रुपयासाठी मी दिवे मध्यम उंचीवर ठेवीन आणि दिव्यांसमोर उजेड मऊ करणारा बटर पेपर लावणार नाही. बटर पेपरने चरे लपतील, आणि ते लपू नयेत असे मला वाटते.

दिवे मात्र नाण्याच्या वरच्या बाजूलाच असावेत. आपला मेंदू उजेड वरून येतो असे गृहीत धरतो. खालून प्रकाश दिला तर राणीचा चेहरा खोलगट दिसू लागतो, जणू कोणी ठशाचाच फोटो काढला आहे. फोटो कितीही शार्प असला तरी हा भ्रम जात नाही, उलट अधिक पक्का होतो.

प्रकाश आणि शार्पनिंग यांतला फरक मला सर्वांत जास्त कळला तो आपल्याच जिल्ह्यातल्या नाण्यांमुळे. 1906 साली सिन्नर तालुक्यात, गोदावरी आणि दारणा यांच्या संगमाजवळ जोगलटेंभी इथे क्षत्रप नहपानाच्या चांदीच्या नाण्यांचा मोठा साठा सापडला. तेरा हजारांहून जास्त नाणी होती आणि त्यांपैकी नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपली चिन्हे पुन्हा छापलेली होती. ज्या राजाला हरवले त्याचीच नाणी वितळवण्याऐवजी त्यांवर आपला ठसा मारला होता. त्या प्रकारचे एक नाणे एका संग्राहकांनी माझ्याकडे आणले. जेमतेम नखाएवढे, त्यावर नहपानाच्या चेहऱ्याचे नाक आणि ओठ शिल्लक, बिघडलेल्या ग्रीक अक्षरांची काही टोके शिल्लक, आणि गालाच्या वर तीन कमानींचा डोंगर दाबून बसलेला. मी पहिला फोटो नेहमीसारखा काढला आणि थोडे शार्पनिंग दिले. दोन्ही छापा सारख्याच ठळक झाल्या आणि नुसता रेघांचा गुंता दिसू लागला. कोणती छाप आधीची आणि कोणती नंतरची, हेच कळेना, आणि या नाण्याचा सगळा इतिहास तर त्याच प्रश्नात आहे. मग शार्पनिंग पूर्ण काढले, एकच दिवा ठेवला आणि तो हळूहळू फिरवत नेला. एका ठिकाणी डोंगराच्या कमानीची कड नहपानाच्या गालात रुतलेली दिसली, तिची सावली गालावर पडली आणि वरचा-खालचा थर आपोआप सुटा झाला. फोटो आधीपेक्षा मऊ होता, पण पाहणाऱ्याला खरे तेच दिसत होते.

जुन्या नाणकशास्त्रीय ग्रंथांतली चित्रे पाहिली तर हाच विचार दिसतो. त्या काळी अनेकदा नाण्याचा थेट फोटो न काढता त्याची प्लास्टरची प्रतिकृती करून तिचा फोटो काढत. प्लास्टर चमकत नाही, त्याला डाग नसतात, म्हणून नुसता उठाव सारख्या करड्या रंगात दिसतो. लेख वाचायला ती पद्धत उत्तम होती. पण प्रतिकृती पाहून नाण्याची चमक, त्यावरचा काळाचा थर किंवा ते घासलेले आहे की नाही, हे नीट सांगता येत नाही. कोणत्या प्रश्नाचे उत्तर फोटोतून हवे आहे, ते आधी ठरवावे लागते. आपल्याला जमले तर त्र्यंबक रस्त्यावर अंजनेरीला भारतीय नाणकशास्त्र संशोधन संस्था आहे. 1980 साली डॉ. परमेश्वरीलाल गुप्त यांच्या पुढाकाराने ती सुरू झाली. तिथली नाणी आणि त्यांची छापील चित्रे शेजारी शेजारी पाहिली की हातातले नाणे आणि चित्रातले नाणे यांतला फरक डोळ्यांना एकदम समजतो.

ओळख पटवण्यासाठी मात्र मी भरपूर तपशील मागेन. आपल्या रुपयावर 1862 हे साल आहे आणि हे साल नंतरही बरीच वर्षे रुपयांवर छापले जात होते. त्या रुपयांमध्ये सालाखाली आणि वरच्या फुलाजवळ बारीक ठिपके असलेले प्रकार आहेत, आणि ठिपक्यांच्या संख्येवरून व जागेवरून किंमत बदलते. इथे दोनच ठिपके आहेत की तिसरा झिजून गेला आहे, हे कळायला 3000 पिक्सेल हवेतच. पण पूर्ण नाण्याचा प्रचंड फोटो टाकण्यापेक्षा साल आणि फूल यांचे दोन वेगळे तुकडे कापून द्या, त्यांना शार्पनिंग अजिबात देऊ नका. शार्पनिंगमुळे घाणीचा कणही ठिपका दिसतो. पंचम जॉर्जच्या रुपयाबाबत हे मी प्रत्यक्ष पाहिले आहे. 1911 च्या रुपयावर राजाच्या वस्त्रावरच्या पदकातल्या हत्तीची सोंड इतकी आखूड होती की लोकांना तो डुक्कर वाटला, ओरड झाली, नाणी मागे घेतली गेली आणि 1912 पासून हत्ती सुधारून छापला गेला. तो हत्ती तांदळाच्या दाण्यापेक्षाही लहान आहे. एका तरुणाने मला 1912 च्या रुपयाचा फोटो दाखवून ‘यावरही डुक्करच आहे’ असे सांगितले. शार्पनिंगच्या पांढऱ्या रेघेने सोंडेचे टोक खाल्ले होते. भिंगाखाली सोंड लांब आणि स्पष्ट होती.

आता आपल्या चाळीस नाण्यांसाठी मी काय करीन ते सांगतो. प्रत्येक नाण्याचा दोन्ही बाजूंचा फोटो एकाच उंचीवरून, एकाच प्रकाशात काढीन. मूळ मोठी फाइल न बदलता ठेवून देईन. दाखवण्यासाठी नाणे साधारण 1000 पिक्सेलचे होईल एवढा फोटो लहान करीन आणि लहान केल्यानंतरच अगदी थोडे शार्पनिंग देईन, कारण लहान करताना कडा किंचित मऊ होतात आणि तेवढी भरपाई न्याय्य आहे. मोठ्या फाइलला आधी शार्पनिंग देऊन मग लहान केले, तर रेघा चिकटून येतात. जिथे वाद होऊ शकतो त्या भागाचा, आपल्या रुपयाच्या बाबतीत गालाचा, एक जवळचा तुकडा वेगळा देईन आणि खाली लिहीन की हा भाग इतक्या पटीने मोठा आहे. शेवटी नाणे तळहातावर ठेवून खिडकीच्या उजेडात एक साधा फोटो देईन. हा फोटो फार शार्प नसतो, पण नाणे खरोखर केवढे आहे हे तो पाहणाऱ्याला आठवून देतो, आणि माझा अनुभव असा आहे की त्याने निर्णय बराच सौम्य आणि योग्य होतो.

कॅमेरा रोज मिळणार नसेल तर मोबाइलनेही काम होते. नाण्याला अगदी चिकटून मॅक्रो मोड वापरू नका, कारण मोबाइलचीच सावली नाण्यावर पडते आणि गोल नाणे मधे फुगल्यासारखे दिसते. वीस-पंचवीस सेंटिमीटर वर मोबाइल टेकवून ठेवा, दोन किंवा तीन पट जवळ आणणारी स्वतंत्र लेन्स असेल तर ती वापरा, आणि व्हॉट्सॲपवर पाठवताना फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवा. पावसाळ्यात ढगाळ दिवशी खिडकीशेजारचा उजेड काळपट थर चढलेल्या चांदीला फार छान लागतो. उन्हाळ्यातले थेट ऊन मात्र टाळा.

एक प्रश्न आपण विचारलेला नाही, पण तो आपल्या मनात असावा. चरे दाखवणारा फोटो दिला तर किंमत कमी येईल, मग तो का द्यावा? कारण नाणे शेवटी कोणाच्या तरी हातात जाणार आहे, सराफ बाजारात असो वा परगावच्या संग्राहकाकडे, आणि त्याच्या भिंगाखाली तो गाल येणारच आहे. तेव्हा दिसलेला चरा फोटोत आधी दिसलेला असेल तर व्यवहार टिकतो. पण तो भिंगाखाली जेवढा दिसतो त्याहून जास्त फोटोत दिसू देऊ नका, हेही तितक्याच आग्रहाने सांगतो. आजोबांच्या नाण्यावर नसलेला डाग आपल्या फोटोने लावणे हाही अन्यायच आहे.

रुपयाचा फोटो वर सांगितल्याप्रमाणे परत काढून गालाच्या तुकड्यासह इथे टाका, मी झिजेबद्दल आणि चऱ्यांबद्दल वेगवेगळे मत देईन. उरलेल्या नाण्यांपैकी ज्यांवर काळपट किंवा निळसर थर आहे, त्यांना फोटोआधी काहीही लावू नका, चष्म्याचे मऊ कापडसुद्धा नको. धूळ असेल तर हवेच्या फुंकणीने उडवा आणि नाणे कडेला धरून उचला. यंदाच्या लक्ष्मीपूजनालाही रुपया जरूर ताटात ठेवा, पण घासू नका, आणि हळदकुंकू त्याच्यावर न वाहता त्याच्या शेजारी वाहा.